सूप कोणी उचलायचं

प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये आबा पाटील बसले होते आणि त्यांच्या मांडीवर आमच्या लायब्ररीचं पुस्तक होतं. कव्हरवर डोक्याला रंगीत फडकं बांधलेली एक काळी बाई. मी आत गेल्यावर आबांनी ते टेबलावर ठेवलं, बोटाने माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "मॅडम, हे तुमीच शिकवता ना? आमच्या सुनेला काय शिकवू राह्यले तुमी, ते सांगा मले."

"नमस्कार, आबा. पाणी घेतलं का?"

"पाणी नको. उत्तर द्या."

मी बुऱ्हाणपूरच्या बुधवारा मोहल्ल्यात वाढलेली. आमच्या गल्लीत भांडण सुरू झालं की बायका आधी ओट्यावर नीट बसून घेतात आणि मग तोंड उघडतात. मीही खुर्ची ओढून घेतली. प्रिन्सिपलसाहेब खंडव्याचे, हिंदीभाषी. ते पेपरवेट फिरवत होते. हे साहेब पेपरवेट फिरवायला लागले की समजायचं, निर्णय आपल्यालाच घ्यावा लागणार.

मी बुऱ्हाणपुरात एम.ए.च्या मुलांना इंग्लिश शिकवायची. आता रिटायर आहे. गोष्ट आहे ती देश नुकताच बाहेरच्या जगाशी जोडला जात होता त्या वर्षांतली. गल्लीत केबल आली होती, चौकाचौकात एसटीडीचे बूथ झाले होते आणि विद्यापीठालाही वाटलं, आपणच मागे का राहायचं? म्हणून सिलॅबसमध्ये एक नवा पेपर घुसला. त्यात आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या देशांमधल्या कादंबऱ्या. पुस्तकं यायला अर्धं वर्ष गेलं. स्टाफरूममध्ये माझी भरपूर चेष्टा झाली. "मॅडम, आता आफ्रिका का? आधी या पोरांना ए-बी-सी तर येऊ द्या." मी म्हटलं, येऊ द्या ना, दोन्ही बरोबर येतील.

रेखा पाटील ही त्या पेपरची माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. वर्गातल्या मुलींपेक्षा वयाने मोठी, तापीपलीकडच्या एका गावातली सून. तिचा नवरा संजय केळीच्या गाडीबरोबर खंडव्याकडे निघाला होता. असीरगडच्या उतारावर ट्रक उलटला आणि तो जागीच गेला. पदरात पिंकी नावाची लहान मुलगी. सासऱ्यांनी, म्हणजे याच आबांनी, तिला पुढे शिकायला घातलं. गावात कोणी नावं ठेवली तर आबा म्हणायचे, "माझी सून आहे, मी पाहीन." हे मला माहीत होतं, म्हणून केबिनमधला त्यांचा तो आवाज ऐकून मला नवल वाटलं.

एम.ए.ला शेवटच्या वर्षी डिझर्टेशन असतं. म्हणजे छोटा प्रबंध. विद्यार्थी विषय निवडतो, वर्षभर वाचतो, लिहितो आणि बाइंड करून विद्यापीठाला देतो. लिहून घेणारा मास्तर म्हणजे गाईड. रेखाची गाईड मी. शेवटी व्हायवा असतो, तोंडी परीक्षा. ती घ्यायला दुसऱ्या गावचा प्राध्यापक येतो, त्याला म्हणायचं एक्स्टर्नल. तो एकदाच येतो. त्या दिवशी विद्यार्थी हजर नसला तर पुढच्या वर्षापर्यंत वाट बघायची.

रेखाने विषय घेतला होता, त्या कादंबऱ्यांमधली बायको, सवत आणि विधवा. का घेतला हे मी विचारलं नाही. एवढी अक्कल मला होती. लिहिताना मात्र ती मजेत असायची. त्या पुस्तकांमधल्या बायका बाजारात गाळा लावतात, मासे विकतात, कापड विकतात, स्वतःच्या कमाईचा बटवा कमरेला लावून फिरतात, नवऱ्याला चार शब्द सुनावतात. सवतीसवती भांडतात आणि एकमेकींची पोरंही सांभाळतात. नवरा मेला की चित्र पालटतं. त्या बाईला एका खोलीत बसवतात, केस काढतात, आणि हे सगळं नीट होतंय की नाही ते बघायला कोण? तर मेलेल्याच्या बहिणी. रेखा तो भाग वाचून माझ्या घरी आली आणि हसत सुटली. "मॅडम, तिकडं पण नणंदाच! मला वाटलं, एवढा समुद्र ओलांडल्यावर तरी सुटका असेल."

तर आता केबिनमध्ये.

"आबा," मी म्हटलं, "पुस्तक परीक्षेला आहे. सगळ्यांनाच शिकवते मी. झालं काय ते आधी सांगा."

आबांनी सांगितलं. त्यांच्या घराची एक रीत आहे. विधवा सुनेचा दिराशी पाट लावायचा ठरला की तिचा होकार तोंडी घ्यायचा नाही. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, वाजंत्री नाही, घरच्या घरी उरकायचं. घरच्या कर्त्याने देवघरासमोर सुपात साडी आणि नारळ ठेवायचा. सुनेने साडी उचलली की होकार झाला. दुसऱ्या कोणी सुपाला हात लावायचा नाही. उचलेल ती, नाहीतर ज्याने ठेवलं तो. आबांचा धाकटा मुलगा योगेश लग्नाचा झाला होता. गावात कुजबुज सुरू झाली होती, तरणी सून आणि तरणा दीर एका छपराखाली. आबांनी सूप मांडलं.

"आमच्या घरात आजवर कोणी बाई साडी सोडून उठली नाही," आबा म्हणाले. "माझ्या काकूनं उचलली, चुलत वहिनीनं उचलली. हिनं काय केलं? हात जोडले देवाला अन् म्हणे, व्हायवा झाल्यावर पाहू. अन् चालली गेली चुलीकडं! मंग आता ते सूप तिथंच आहे. म्हातारी रोज त्याला वळसा घालून दिवा लावते. झाडू मारायचा तं चारी बाजूनं मारायचा. पिंकी साडीला हात लावायला जाते अन् आजीचा मार खाते. पाव्हणा आला तं विचारतो, हे काय मांडलं? मी काय सांगू? अन् मॅडम, हा व्हायवा कोन्ता देव आहे, तेवढं समजू द्या मले."

मला हसू आलं. मी ते गिळलं. "तोंडी परीक्षा, आबा. शुक्रवारी आहे."

"तोंडीच ना? मंग तोंडानं सांगावं तिनं, हो का नाही. हे पुस्तक वाचून वाचून डोकं फिरलं तिचं. योगेश म्हणे, यात एका विधवेचं दिराशी लावतात अन् ती ऐकत नाही. खरं का?"

"थोडं खरं."

"मंग झालं तं! आगीत तेल तुमी घातलं."

प्रिन्सिपलसाहेबांनी पेपरवेट खाली ठेवला. "मैडम, देखिए, टॉपिक चेंज कर दीजिए ना. कोई कविता वगैरह दे दीजिए."

"सर, प्रबंध बाइंड होऊन विद्यापीठात गेलाय. एक्स्टर्नलची तारीख आलीय."

"तो व्हायवा पोस्टपोन?"

"म्हणजे पुढचं वर्ष. शाळेतली जागा तिची वाट बघणार नाही."

शहरातल्या एका शाळेत इंग्लिशची जागा रिकामी होती. तिथल्या हेडमास्तरांनी रेखाला सांगून ठेवलं होतं, एम.ए. पुरं करून ये, घेतो. हे आबांनाही ठाऊक होतं.

साहेब माझ्याकडे झुकले आणि हळू आवाजात म्हणाले, "मैडम, रिस्क समझिए. आज ये अपनी बहू को निकालेंगे, कल पूरा गाँव अपनी लड़कियाँ निकालेगा. बड़ी मुश्किल से आना शुरू हुई हैं."

तेही खोटं नव्हतं. नदीपलीकडच्या गावांतून मुली नुकत्या कुठे बसने यायला लागल्या होत्या.

मी आबांना म्हटलं, "तुम्ही एवढं शिकवलंत तिला, आणि आता एका परीक्षेसाठी अडून बसलात?"

आबा भडकले. "मी काय तिचा वैरी आहे? माझा पोरगा गेला, मॅडम. तिला माहेरी धाडलं का मी? पांढऱ्या कपाळाची म्हणून कोपऱ्यात बसवली का? पण उद्या मी डोळे मिटले तं तिले अन् पिंकीले कोण विचारील? योगेशची बायको येईल दुसऱ्या घरची. ती काय हिला शेतात पाय ठेवू देईल? दिराचं कुंकू असलं म्हणजे हिस्सा कोणी हलवू नी शकत. मी वावर पाहून बोलू राह्यलो, तुमी पुस्तक पाहून."

माझा राग तिथे उतरला. माणूस खरं बोलत होता, आणि त्याला भीती वाटत होती. फक्त ज्या दोघांचं लग्न लावायचं त्यांपैकी कोणालाच त्याने तोंडाने काही विचारलं नव्हतं.

"त्या बाईनं शेवटी काय केलं ते तं सांगा," आबा म्हणाले.

मी सांगू शकले असते. पण मी सांगितलं असतं तर ते मॅडमचं म्हणणं झालं असतं, आणि मॅडमचं म्हणणं आबांनी तिथेच केबिनमध्ये ठेवून दिलं असतं. मी म्हटलं, "ते रेखाच्या प्रबंधात आहे, तीच सांगेल. तिची हरकत नसली तर शुक्रवारी तुम्ही व्हायवाला येऊन बसा."

प्रिन्सिपलसाहेब खुर्चीत ताठ झाले. "मैडम! व्हायवा में बाहर का आदमी?"

"पीएच.डी.ला ओपन व्हायवा असतो, सर. कोणीही येऊन बसतं. आपण एम.ए.ला केला तर छत कोसळणार नाही."

"रूल में नहीं है."

"चालणार नाही असंही रूलमध्ये कुठे लिहिलेलं नाही."

साहेबांनी पुन्हा पेपरवेट उचलला. मी तो होकार समजले.

संध्याकाळी पुस्तक परत देताना रेखाला विचारलं. ती म्हणाली, "येऊ द्या आबांना. पण मॅडम, मी इंग्लिशमध्येच बोलीन. इंग्लिशमध्ये सगळं सांगता येतं मला."

"त्यांना कळणार नाही."

"म्हणूनच तर."

शुक्रवारी तिला योगेशने लुनावर आणून सोडलं. मी गेटपाशीच उभी होते. पोरगा अंगाने चांगला दांडगा, पण चेहरा दहावीतला. शाळेत असताना याचे इंग्लिशचे धडे याच वहिनीने घोकून घेतलेले. रेखा आत गेली तसा तो लुना स्टँडवर लावून माझ्याजवळ आला.

"मॅडम, वहिनी पास होईल ना?"

"होईल की. तुला का एवढी काळजी?"

"नापास झाली तं माझं काही खरं नाही, मॅडम. आबा म्हणतील, झालं ना परीक्षेचं, उचल आता साडी."

"मग तू सांग ना आबांना, मला नको म्हणून."

"मी?" तो असा दचकला की मला कीव आली. "सूप तं वहिनीसाठी मांडलं ना. मला कोण विचारतंय? मी तिला वहिनी म्हणतो, मॅडम. लहानपणापासून वहिनीच म्हणतो." एवढं बोलून तो लुना ढकलत निघून गेला. किक मारायचंही त्याला सुचलं नाही.

एक्स्टर्नल इंदूरचे. सफारी सूट, कपाळावर गंध, बोलायला गोड. इंदूरची मराठी माणसं असतात तसे, घरात मराठी, बाहेर हिंदी, कॉलेजात इंग्लिश. आमच्याकडचा व्हायवा म्हणजे खरं सांगायचं तर अर्धा वेळ चहा आणि कचोरी. एक्स्टर्नल सगळ्यांना तेच चार प्रश्न विचारतात, विद्यार्थी पाठ केलेली चार उत्तरं देतात, मधून मधून 'गुड, गुड' होतं. आबा पांढरं धोतर नेसून, टोपी घालून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. एक्स्टर्नलना मी एवढंच सांगितलं की हे विद्यार्थिनीचे पालक आहेत. त्यांनी मान डोलावली आणि कचोरीचा तुकडा तोंडात टाकला.

रेखा सुरेख बोलली. बाजारातल्या बायका, सवती, नणंदा, खोलीत बसवणं. एक शब्द तिने चारदा वापरला, 'विडो इन्हेरिटन्स'. म्हणजे मेलेल्याची शेती, गुरं, भांडी जशी भावांकडे जातात तशीच त्याची बायकोही जाणं. ती हे इतक्या सहज म्हणत होती, जणू दुसऱ्या कोणाच्या घरातलं सांगत होती. मी आबांकडे बघितलं. ते टोपी काढून मांडीवर ठेवून तिच्या तोंडाकडे बघत होते.

एक्स्टर्नलनी त्यांचा नेहमीचा प्रश्न टाकला. या कादंबरीतून त्या समाजाचं मागासलेपण दिसतं, असं म्हणता येईल का? रेखाने तोंड उघडलं, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"साहेब, मले काही समजू नी राह्यलं. मी हिचा सासरा. मराठीत बोला ना."

एक्स्टर्नलनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सर, पेपर इंग्लिशचा आहे, तुम्हीच ठरवा. पण तुम्हाला मराठी येतं."

"येतं म्हणजे काय! आमच्या आज्यापासून इंदुरात," ते म्हणाले. "बोला हो बाई, मराठीत बोला. उत्तर तेच पाहिजे."

उत्तर तेच होतं. पण रेखाला ते येईना. जी बाई अर्धा तास न अडखळता बोलली, ती पहिल्या वाक्यालाच थांबली. तिने पाणी घेतलं. पदर सारखा केला. 'विडो इन्हेरिटन्स'ला घरात जो शब्द आहे तो सासऱ्यासमोर उच्चारणं म्हणजे काय, हे मला त्या वेळी कळलं, आणि मला तिच्यासाठी भीती वाटली. आता ही उठून जाईल, असं वाटलं.

ती उठली नाही. "मागासलेपण नाही, सर," ती म्हणाली. नजर टेबलावर. "त्यांची रीत अशी आहे की नवरा गेल्यावर दुःखाचे दिवस संपले की घरातले दीर एका चटईवर आपापल्या टोप्या ठेवतात. बाईने एक उचलायची. जी उचलेल त्याच्या घरात ती राहणार. त्यांना वाटतं, बाईला आणि पोरांना उघड्यावर टाकू नये. शेत मिळावं, छप्पर मिळावं. त्यात वाईट काही नाही. ज्यांनी रीत पाडली ती माणसं वाईट नव्हती."

"मग चुकतं कुठे?" एक्स्टर्नलनी विचारलं. कचोरी त्यांनी खाली ठेवली होती.

"चटईवर टोप्याच असतात, सर. 'कोणीच नको' असं म्हणायला तिथे जागा नसते. टोपी उचलली नाही तर घर सोडायचं, पोरं सोडायची. म्हणजे उचलायची आहेच. कोणाची, एवढंच तिच्या हातात."

"मंग तिनं कोणाची उचलली?" आबांनी विचारलं.

एक्स्टर्नल म्हणाले, "आजोबा, प्रश्न मी विचारतो." पण रेखाने तोवर मान वर केली होती आणि ती आता आबांकडे बघून बोलत होती.

"कोणाचीच नाही, आबा. ती उठली. झोपडीत गेली. खुंटीवर तिच्या नवऱ्याची टोपी होती, मेलेल्या नवऱ्याची. ती आणली, चटईवर बाकीच्यांच्या रांगेत ठेवली आणि तीच उचलली."

एक्स्टर्नल खूश झाले. "वा! म्हणजे पतीवरची निष्ठा. मरणानंतरही. आपल्याकडच्या पतिव्रतेसारखंच."

"नाही, सर. तो तिला मारायचा. दुसऱ्या प्रकरणात आहे."

एक्स्टर्नलनी प्रबंधाची पानं चाळायला सुरुवात केली. दुसरं प्रकरण त्यांनी वाचलेलं नव्हतं हे त्यांच्या बोटांवरून कळत होतं.

"आबा, माझं तसं नव्हतं," रेखा म्हणाली. "तुमचा मुलगा चांगला होता. तुम्हाला माहीत आहे." मग ती पुन्हा कादंबरीकडे वळली. "त्या बाईने नवरा निवडला नाही. तिने रिकामी टोपी निवडली. घर माझं, शेत माझं, पोरं माझी, आणि डोक्यावर दुसरं कोणी नको. तिला कोणाचा अपमान करायचा नव्हता. तिला घरातच राहायचं होतं. फक्त तशी, जशी ती आहे."



आबा खुर्चीच्या कडेला सरकले. "अन् तिचा सासरा? तो काय म्हनला?"

"पुस्तक तिथेच संपतं, आबा. सासरा चटईकडे बघत उभा आहे. शेवटचं वाक्य तेच आहे."

"असं कसं संपतं? काही तं म्हनला असंल ना. हो म्हनला, नाही म्हनला?"

"लिहिलेलं नाही."

"लिहिणाऱ्या बाईले माहीत नसंल का?"

"माहीत असेल. पण तिने ते सासऱ्यावरच सोडलंय," रेखा म्हणाली.

आबा उठले. टोपी डोक्यावर घातली, परत काढली, परत घातली. मग एक्स्टर्नलना म्हणाले, "पोरगी पास का?"

"रिझल्ट विद्यापीठ कळवतं, आजोबा. आम्हाला सांगता येत नाही."

"तुमालेही सांगता येत नाही," आबा म्हणाले. कोणाला नमस्कार न करता ते बाहेर पडले. मी खिडकीतून बघितलं. गेटपाशी योगेश लुना घेऊन उभा होता. आबांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि पायीच बसस्टँडच्या दिशेने निघाले. एक्स्टर्नलनी निमूटपणे मार्क लिहिले, पाकीट सील केलं आणि गाडीची वेळ विचारली.

पुढच्या सोमवारी रेखा लायब्ररीचं पुस्तक परत करायला आली. मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं.

आबा त्या दिवशी घरी गेले, पाय धुतले, चहा मागितला. चहा प्यायले. मग देवघरासमोर गेले आणि स्वतः मांडलेलं सूप स्वतः उचललं. ज्याने ठेवलं त्याने उचललं म्हणजे रीत मोडत नाही आणि कोणाचा नकारही होत नाही. सासूबाई तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. आबांनी साडी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "पेटीत ठेवून दे. योगेशच्या लग्नात नवरीला होईल." नारळ तिथेच फोडला. पिंकीला खोबरं दिलं. भाऊबंदांना काय सांगायचं ते मी सांगीन, एवढंच बोलले. दुसऱ्याच दिवशी तालुक्याला जाऊन वावरातला एक तुकडा पिंकीच्या नावावर करायची चौकशीही करून आले.

"आणि तुला काय म्हणाले?" मी विचारलं.

"मला काहीच नाही. 'सोमवारी कॉलेजात जाशील तं हे पुस्तक देऊन टाक' म्हणाले." मग ती रडली. माझ्या टेबलाशी उभी राहून रडली आणि रडता रडता हसली. मी तिला बसवलं, चहा मागवला. त्या दिवशी पहिला तास मी घेतलाच नाही.

रेखा पास झाली. शाळेतली जागा तिला मिळाली. रोज सकाळी नदीपलीकडून बसने यायची आणि संध्याकाळी त्याच घरी परत जायची. पुढे विद्यापीठाचा सिलॅबस पुन्हा बदलला, तेव्हा ती कादंबरी काढून टाकली. मी मीटिंगला होते. एक विद्वान म्हणाले, आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांच्या आयुष्याशी या पुस्तकाचा काही संबंध लागत नाही. मी विरोध केला. विरोध करणारी मी एकटीच होते, त्यामुळे ठराव पास झाला.

योगेशच्या लग्नाचं आमंत्रण आबा स्वतः घेऊन आले. मी गेले. नवरीच्या अंगावर ती साडी होती. रेखाने लांबूनच डोळ्याने दाखवली. मांडवात आबांनी मला बाजूच्या खुर्चीवर बसवलं, पंगतीला अजून वेळ होता. जरा वेळाने इकडेतिकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, त्या पुस्तकाचा पुढचा भाग आला का हो? त्या सासऱ्याचं काय झालं?"

"नाही आला, आबा."

आबांनी मान हलवली. समोर मांडवात पिंकी नव्या काकूच्या पदराशी खेळत होती. "हलकंच होतं हो," ते म्हणाले. "सूप. उचललं तवा समजलं. एवढे दिवस घरातली सगळी माणसं उगाच वळसा घालून चालू राह्यली."

व्हायवाला घरची माणसं बसवू नयेत, असा नंतर विद्यापीठाने लेखी नियमच काढला. नियम योग्य आहे. तो रेखाच्या व्हायवाच्या आधी निघाला नाही, एवढं मात्र बरं झालं. तो मोडायचा प्रसंग मला नंतर आला नाही. पण इतक्या वर्षांत जेवढे परीक्षक बघितले, त्यांत उत्तर खरोखर हवं म्हणून प्रश्न विचारणारे मला आबाच भेटले.